आधी लॉग दाखवा

इन्स्टॉलेशनची हिरवी पट्टी उजवीकडे सरकत असते तोपर्यंत अण्णांची कोणालाही आठवण होत नाही. सॉफ्टवेअर कंपनीचा पोरगा सर्व्हरसमोर पाय पसरून बसलेला असतो, मॅनेजरसाहेब त्याच्यामागे हाताची घडी घालून उभे असतात, अकाउंट्सच्या मॅडमनी पेढ्यांचा बॉक्ससुद्धा मागवून ठेवलेला असतो. नव्वद टक्क्यांच्या आसपास पट्टी थांबते. जरा विचार करते. आणि मग उलटी, डावीकडे सरकायला लागते. पोरगा म्हणतो, "एकदा परत रन करून बघतो, सर." परत तेच. मग तो फायरवॉल बंद करतो, अँटिव्हायरस बंद करतो, मशीन रीस्टार्ट करतो, स्क्रीनवरचा मेसेज इंटरनेटवर टाकून कुठल्या तरी अनोळखी माणसाने अनोळखी माणसाला सुचवलेला उपाय करून बघतो. दुपारचे तीन वाजतात. पेढ्यांच्या बॉक्सभोवती मुंग्या जमतात. आणि मॅनेजरसाहेब खालच्या आवाजात म्हणतात, "अण्णांना बोलवा."

खालच्या आवाजात अशासाठी, की अण्णांना बोलावलं म्हणजे आजचा दिवस गेला हे मान्य केल्यासारखंच.

अण्णा आमच्या भोसरीच्या कारखान्यात लागले तेव्हा आयटी डिपार्टमेंट नव्हतं, ईडीपी होतं. सगळा हिशेब फॉक्सप्रोत असायचा आणि पगारपत्रकं डॉट मॅट्रिक्सवर करकरत निघायची. पुढे डिपार्टमेंटचं नाव बदललं, मशिनं बदलली, मॅनेजर आले आणि गेले. अण्णा आणि त्यांची वही तेवढी राहिली. वही साधी, दोनशे पानी, पहिल्या पानावर 'श्री'. आत तारीख, वेळ, मशीनचं नाव, आणि स्क्रीनवर आलेला मेसेज जसाच्या तसा, स्पेलिंगच्या चुकीसकट. "त्यांची चूक आपण का सुधारायची? शोधताना तीच उपयोगी पडते," असं त्यांचं म्हणणं.

निरोप गेला तरी अण्णा धावत येत नाहीत. आधी चष्मा पुसतात, ड्रॉवरमधून कानटोपी काढतात, वही काखेत मारतात, आणि मग निघतात. कानटोपी सर्व्हर रूमच्या एसीसाठी. भर मे महिन्यात अख्ख्या एमआयडीसीत कानटोपी घातलेला माणूस दिसला तर तो आमचा, असं बिनधास्त समजावं. त्या खोलीला सर्व्हर रूम म्हणायचं ते एसी आहे म्हणून. एरवी तिथे गणपतीच्या मखराचे तुकडे, दिवाळीत वाटून उरलेले स्टीलचे डबे, जुन्या ऑडिटच्या फायली आणि एक मोडकी खुर्ची हेही सुखाने नांदतात. खंडेनवमीला इतर यंत्रांबरोबर सर्व्हरचीही पूजा होते, झेंडूचा भरघोस हार चढतो. अण्णा हात जोडून उभे असतात, प्रसाद घेतात, आणि सगळे पांगले की हार पुढच्या जाळीवरून काढून कपाटाच्या डोक्यावर ठेवतात. हवा त्या जाळीतून आत जाते. देवाला हार कुठूनही पोचतो.

तर त्या मोडक्या खुर्चीवर टेकून अण्णा पहिलं वाक्य बोलतात. गेली कित्येक वर्षं त्यात अक्षराचा फरक पडलेला नाही.

"आधी लॉग दाखवा."

"सर, लॉगमध्ये काही नाही. नुसतं १६०३ येतंय."

"१६०३ म्हणजे काय?"

"एरर, सर."

"१६०३ म्हणजे इन्स्टॉलेशन फसलं. ते तर पट्टी मागे गेली तेव्हा शिपायालाही कळलं. का फसलं, ते वाचलंस का?"

पोराने वाचलेलं नसतं. कोणीच वाचत नाही, आणि अण्णांच्या जन्माची तक्रार तेवढीच आहे. विंडोजचा इन्स्टॉलर आपण काय काय केलं याची प्रामाणिक नोंद ठेवतो. ती हजारो ओळींची असते. आपण ती उघडतो, तळाशी जातो, तिथे 'फेल्ड' दिसलं की फाइल बंद करून कपाळाला हात लावतो. अण्णा वरून सुरुवात करतात आणि 'रिटर्न व्हॅल्यू ३' ही अक्षरं पहिल्यांदा कुठे येतात ते शोधतात. पडझड तिथे झालेली असते, आणि तिचं कारण बहुधा लगेच वरच्या दहा-वीस ओळींत असतं. त्याच्याखाली जे काही येतं ते सगळं आवराआवरीचं. डेटाबेस सर्व्हरचं स्वतःचं सेटअप फसलं असेल तर त्याची जागा वेगळी; तिथे 'समरी' नावाची छोटी फाइल आणि शेजारी तारीख-वेळेच्या नावाचं फोल्डर. अण्णा समरी बघतात आणि नाराजीने बाजूला ठेवतात. त्यांना त्या फोल्डरमधली 'डिटेल' हवी असते.

वाचताना ते बोट स्क्रीनवर टेकवतात आणि ओठ हलवतात. पोरगा त्या बोटाच्या ठशांकडे हताशपणे बघत राहतो. मधे कोणी बोललं तर अण्णा बोट तिथेच ठेवून मान वळवतात, बोलणं संपेपर्यंत थांबतात, आणि मग तीच ओळ पहिल्यापासून वाचतात. त्यामुळे हळूहळू सगळे गप्प राहायला शिकले आहेत. मॅनेजरसाहेब मात्र शिकत नाहीत.

"अण्णा, अंदाजे किती वेळ?"

"साहेब, ते कळलं असतं तर काम झालंच असतं."

यात उद्धटपणा नाही. त्यांना खरंच तसं वाटतं.

अण्णांचा दुसरा प्रश्न मात्र भल्याभल्यांची परीक्षा घेणारा. "शेवटचं नीट कधी चाललं होतं? आणि त्यानंतर काय बदललं?"

याला जगभर एकच उत्तर आहे: काहीच नाही. अण्णा ते वहीत लिहून घेतात, 'काही बदललेले नाही असे सांगितले', पुढे सांगणाऱ्याचं नाव आणि वेळ. मग संध्याकाळपर्यंत त्या 'काहीच नाही'तून एकेक गोष्ट बाहेर पडत जाते. एसीवाल्याने वायर काढून दुसऱ्या भोकात लावली होती. रात्री विंडोजचं अपडेट झालं होतं. सेटअपने 'आधी मशीन रीस्टार्ट करा' म्हणून सांगितलं होतं, ते टाळायला पोराने रजिस्ट्रीतली ती नोंदच पुसून टाकली होती. सी ड्राइव्हवर कोणाच्या तरी मुलाच्या बारशाचं पूर्ण व्हिडिओ शूटिंग होतं.

या बाबतीत नावाचं प्रकरण ऐकण्याजोगं आहे. आमच्या मालकांना एका अंकशास्त्रवाल्याने कंपनीच्या इंग्रजी नावात एक 'ए' वाढवायला सांगितलं. बोर्ड बदलला, लेटरहेड बदललं, इथवर ठीक. पण आयटीतल्या एका उत्साही मुलाने सर्व्हरच्या नावातही तो 'ए' घातला. जुनी कामं चालत राहिली, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. पुढे हजेरी आणि पगाराचं नवं सॉफ्टवेअर बसवायला घेतलं, तर ते डेटाबेसपर्यंत पोचायचं, गप्पा मारायचं, आणि ऐन शेवटी 'सर्व्हर सापडत नाही' म्हणून हात झटकायचं. आत्ता तर बोलत होतास त्याच्याशी! अण्णांनी नेहमीचा प्रश्न विचारला, नेहमीचं उत्तर मिळालं, ते वहीत गेलं. मग त्यांनी काळ्या खिडकीत सर्व्हरला त्याचंच नाव विचारलं. सर्व्हरने जुनं सांगितलं, बिन-'ए'चं. खरी गोष्ट अशी, की विंडोजमध्ये मशीनचं नाव बदललं तरी एसक्यूएल सर्व्हर, म्हणजे आमचा डेटाबेस सर्व्हर, आपलं जुनं नाव आतल्या तक्त्यात जपून ठेवतो. ते वेगळं काढावं लागतं, नवं वेगळं घालावं लागतं, आणि मग सर्व्हिस बंद करून चालू करावी लागते. आमचा इन्स्टॉलर त्याला नाव विचारायचा आणि मिळालेलं जुनं नाव घेऊन नेटवर्कवर हिंडायचा. दोन ओळींच्या हुकमाचं काम. पण अण्णा ते करण्याआधी त्या उत्साही मुलाकडे वळले आणि अतिशय मृदू आवाजात म्हणाले, "राजा, काहीच बदललं नव्हतं ना?"

तो मुलगा आता दुसऱ्या कंपनीत आहे. ऐकतो की तिथे तोही वही ठेवतो.

अण्णा कामाच्या मधेच शिकवायला लागतात, ही त्यांची आणखी एक खोड. बाहेर तीनशे माणसांचा पगार अडकलेला, मॅडमचा चेहरा उतरलेला, आणि अण्णा पोराला समजावतायत की एका मशीनवर एसक्यूएल सर्व्हरची दोन-तीन बिऱ्हाडं राहू शकतात. मुख्य बिऱ्हाडाचा पत्ता ठरलेला, पोर्ट १४३३. बाकीची सर्व्हिस चालू होताना मोकळा असेल तो पोर्ट घेतात, त्यामुळे आज इथे तर उद्या तिथे. मग बाहेरून आलेल्याने शोधायचं कसं? त्यासाठी 'ब्राउझर' नावाची एक सर्व्हिस असते. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन जसा 'कुलकर्णी? बी विंग, तिसरा मजला' म्हणून सांगतो तशी ती १४३४ वर बसून पत्ता सांगते. वॉचमन झोपलेला असेल किंवा फायरवॉलने त्याची खिडकी बंद केली असेल, तर कुलकर्णी घरात असूनही सापडत नाहीत. शिवाय फुकटच्या एक्सप्रेस आवृत्तीत बाहेरून येण्याचा रस्ता, म्हणजे टीसीपी/आयपी, सुरुवातीला बंदच असतो; तो आपण चालू करायचा. पोरं दहा-दहा वेळा सेटअप चालवतात, पण हे एक बटण बघत नाहीत.

आणि १४३४ चा विषय निघाला की २००३ सालही निघणारच. त्या वर्षी २५ जानेवारीला, शनिवारी, 'स्लॅमर' नावाचा किडा याच दारातून जगभर पसरला. अख्खा किडा ३७६ बाइट्सचा, नेटवर्कवरच्या एका पाकिटात मावणारा. दहा मिनिटांत तो मिळतील तेवढी बहुतेक कच्ची मशिनं धरून बसला होता. अमेरिकेत बँकांची एटीएमं अडली. त्यावरचा पॅच आदल्या वर्षीच्या जुलैत निघालेला होता. "सहा महिने!" अण्णा म्हणतात, आणि ते सहा महिने आपणच वाया घालवले असं समोरच्याला वाटायला लागतं. त्यातला त्यांचा आवडता भाग पुढेच आहे. कित्येकांना आपल्याकडे डेटाबेस सर्व्हर आहे हेच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या कुठल्या तरी सॉफ्टवेअरबरोबर तो गुपचूप येऊन बसला होता. "बसवताना काय काय बसतंय ते वाचलं नाही कोणी," अण्णा म्हणतात. "नेक्स्ट, नेक्स्ट, आय ॲग्री, नेक्स्ट, फिनिश."

'नेक्स्ट' या बटणावर त्यांचा विशेष राग. कोलेशन, म्हणजे अक्षरांची क्रमवारी आणि लहान-मोठ्या लिपीचा भेद कसा धरायचा, हे ठरवण्याचा पडदा सेटअपमध्ये येतो आणि लोक तो न बघता पुढे जातात. नंतर संपूर्ण सर्व्हरचं कोलेशन बदलायचं तर त्याचे मूळचे सिस्टीम डेटाबेस नव्याने बांधावे लागतात. एक क्लिक वाचवायला गेले आणि शनिवार-रविवार घालवून बसले, अशा मंडळींची यादी त्यांच्या वहीच्या मागच्या पानावर आहे. त्यात तीन मॅनेजर आहेत.

लॉगिनचं दुखणं निराळं. १८४५६ हा आकडा आमच्याकडे अकाउंट्सच्या मॅडमनाही पाठ आहे: लॉगिन फेल्ड. पण युजर मुळात नाहीच, की पासवर्ड चुकला, की आणखी काही, हे स्क्रीनवर कळत नाही. बाहेरच्याला ते मुद्दामच सांगत नाहीत, चोरालाही मदत होईल म्हणून. खरं कारण सर्व्हरच्या आतल्या एररलॉगमध्ये 'स्टेट' म्हणून लिहिलेलं असतं. ५ असेल तर त्या नावाचा युजरच नाही, ८ असेल तर पासवर्ड चुकला, ५८ असेल तर सर्व्हर फक्त विंडोजचं लॉगिन मानतोय आणि तुम्ही दुसऱ्याच दारावर पासवर्ड आपटताय. एकदा सॉफ्टवेअर कंपनीचा पोरगा सकाळपासून 'एसए' युजरचे पासवर्ड आठवून आठवून टाकत होता. त्यासाठी नोकरी सोडून दुबईला गेलेल्या आमच्या जुन्या माणसाला फोन झाला. त्याने कुलदैवताचं नाव, पहिलं अक्षर कॅपिटल, पुढे ॲट आणि १२३, असं सगळं दिलं. अण्णांनी एररलॉग उघडला. स्टेट ५८. पासवर्डचा काही संबंधच नव्हता. दुबईचा फोन मात्र मोठ्या बिलाचा झाला.

मॅनेजरसाहेबांचा रुसवा झाला तो नव्या मशीनवरून. त्यांनी स्वतः चौकशी करून, भाव करून, सगळ्यात वेगवान डिस्कचं विंडोज ११ चं मशीन घेतलं होतं, आणि त्यावर डेटाबेस सर्व्हर बसून बसून उठेचना. जुन्या धुळकट मशीनवर तोच सेटअप बिनतक्रार झाला. साहेबांना तो स्वतःचाच अपमान वाटला. अण्णांनी एक हुकूम टाइप करून डिस्कचा सेक्टर किती मोठा आहे ते बघितलं. डिस्क ४ केबीच्या वरचा आकडा सांगत होती. एसक्यूएल सर्व्हर ५१२ बाइट्स किंवा ४ केबी एवढेच मानतो. विंडोज १० डिस्कचा हा आकडा पुढे कळवत नसे, ११ कळवायला लागली, म्हणून घोटाळा. रजिस्ट्रीत एक नोंद, एक रीस्टार्ट, झालं. "साहेब, मशीन चांगलंच आहे," अण्णा समजुतीने म्हणाले, "फक्त जरा जास्त खरं बोलतंय."

सगळ्यात बघण्याजोगे अण्णा कॉन्फरन्स कॉलवर. सॉफ्टवेअरवाले, हार्डवेअरवाले, नेटवर्कवाले, सगळे लाइनवर. प्रत्येक जण एनीडेस्कचा नंबर मागतो, दोन मिनिटं माऊस हलवतो आणि म्हणतो, "आमच्या साइडने सगळं ओके आहे." सगळ्यांच्या साइडने सगळं ओके असतं आणि पट्टी मागे जात असते. अण्णा मधे बोलत नाहीत. कोण काय म्हणालं ते वेळेसकट लिहीत राहतात. मग खाकरून म्हणतात, "नेटवर्कवाले साहेब, चार वाजून दहा मिनिटांनी आपण पोर्ट उघडा आहे म्हणालात. मी आत्ता तपासला, बंद आहे. आपण कुठला तपासला?" लाइनवर शांतता. मग तिकडून, "एक मिनिट हं सर, चेक करतो." एवढ्या एका 'चेक करतो'साठी अण्णा तासभर ऐकत बसू शकतात.

आणि एवढं होऊन सॉफ्टवेअर चालू झालं, टाळ्या झाल्या, मॅडमनी मुंग्या झटकून पेढे फिरवले, की अण्णा ती भयंकर गोष्ट करतात. केलेला उपाय काढून टाकतात.

"अण्णा! अहो, चाललंय ना!"

"चाललंय. पण यामुळेच चाललंय का?"

ते उपाय काढतात, परत बिघडतंय ना ते बघतात, बिघडलं की समाधानाने मान हलवतात, उपाय परत लावतात, आणि मग वहीत रेघ मारतात. त्या मधल्या पाच मिनिटांत मॅनेजरसाहेब व्हरांड्यात जाऊन उभे राहतात. त्यांनी अनेकदा विनवलं, रागावून झालं, एकदा लेखी मेमोही काढला. अण्णांनी तो वाचला, वरपासून खालपर्यंत, बोट ठेवून, आणि त्यातली तारखेची चूक दाखवून परत दिला.

घरीही हाच माणूस. मिक्सर बंद पडला की काकूंना विचारतात, शेवटचं काय वाटलं होतं, आणि त्यानंतर काय बदललं? आमटी बिघडली तर मीठ आणि गूळ एकदम घालू देत नाहीत. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने सुधारली ते कळणार कसं? "अहो, जेवायचंय, कळायचं नाहीये," काकू म्हणतात. औषधाच्या बाटलीबरोबरची बारीक अक्षरातली घडी ते भिंग लावून पूर्ण वाचतात आणि डॉक्टरांना शंका विचारतात. डॉक्टर त्यांना शेवटचा नंबर देतात. ब्लडप्रेशरची वहीही आहे, तीही दोनशे पानी. मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांना त्यांनी पत्रिकेचं विचारलं नाही; मुलाने आधीची नोकरी का सोडली ते मात्र तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं. लग्न झालं, आणि जावई सासऱ्यांना कधीही 'काहीच नाही' असं उत्तर देत नाही.

येत्या मार्चअखेर अण्णा निवृत्त होतायत. त्यांच्या जागी माणूस हवा आहे. मॅनेजरसाहेबांनी जाहिरात दिली, अर्ज ढिगाने आले, आणि अण्णांच्या आग्रहाखातर जाहिरातीच्या शेवटी बारीक अक्षरात 'अर्जाच्या उजव्या कोपऱ्यात आजची तारीख हाताने लिहावी' अशी ओळ टाकली होती, ती अजून एकानेही पाळलेली नाही. जागा अजून रिकामी आहे. पगार बरा आहे, कॅन्टीनचं जेवण चांगलं आहे, कानटोपी कंपनी देईल. तुमच्या माहितीत कोणी असेल तर जरूर कळवा.